नारकर मिस्त्रींचा टॉर्कचा पाना

इंजिनातून आधी एक ठोका आला, मग दुसरा, आणि तिसऱ्या ठोक्याला इंजिनाच्या कुशीला भगदाड पडलं. लोखंडाचे तुकडे उडाले, गरम तेल उडालं. यारी चालवणारा गणपत जागेवरून उठला, दोन पावलं चालला आणि दगडांच्या ढिगाला टेकून खाली बसला. त्याचा हात सुटला तसा तारेचा रोळ उलटा फिरायला लागला.

यारी म्हणजे विहीर खोदताना दगड आणि माणसं वर ओढणारं यंत्र. तारेच्या टोकाला लोखंडी डबा असतो. त्या वेळी डब्यात तीन माणसं होती. एक माझा धाकटा भाऊ महादू, आणि त्याच्याबरोबर खोदकाम करणारे किसन आणि बाबू. खाली तळाला पाच सुरुंग भरलेले होते आणि पाचही वाती महादूने नुकत्याच पेटवल्या होत्या. वाती पेटवायच्या, डब्यात बसायचं, हाताने खूण करायची आणि यारीने वर घ्यायचं, अशी पद्धत असते. डबा अर्ध्यावर आला आणि इंजिन फुटलं.

नारकर मिस्त्री इंजिनाजवळच उभे होते. ते इंजिन त्यांनीच दुरुस्त केलं होतं आणि पहिल्या दिवशी कसं चालतं ते ऐकायला आले होते. त्यांनी धावत जाऊन ब्रेकच्या पट्टीवर पाय दिला. डबा हिसका खाऊन थांबला आणि भिंतीवर आपटला.

"वर घ्या! अरे वर घ्या ना!" महादू खालून ओरडत होता. मी काठावर पालथी पडून खाली बघत होते. मीही तेच ओरडत होते.

नारकरांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाले, "महादू, वर येत नाही. डबा खाली सोडतोय. वाती तोड."

आणि त्यांनी ब्रेकवरचा पाय सैल केला. जळत्या सुरुंगांवर त्यांनी माझ्या भावाला खाली सोडलं.

नारकरांना मी त्याआधी सात वर्षं ओळखत होते. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये मोहनशेठचं इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. पुढे रस्त्याला दुकान, मागे पत्र्याची शेड. मी तिथे पार्ट धुवायला होते. उघडलेल्या इंजिनाचे सगळे भाग रॉकेलच्या ट्रेमध्ये भिजवायचे, ब्रशने घासायचे, पुसून फळीवर मांडायचे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण कुठल्या इंजिनाचा कुठला पार्ट ते मला न वाचता कळायचं. ऐंशी सालानंतरची ती वर्षं. बायका अशा कामाला नसायच्या, पण मोहनशेठला पार्ट स्वच्छ हवे होते आणि आधीचा माणूस अर्धे धुवायचा, अर्धे नुसते पुसायचा.

नारकर मूळचे कोकणातले. आधी अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. तो बंद पडल्यावर मोहनशेठकडे आले. उंचीने बुटके, हात मात्र लांब. शर्ट नेहमी आत खोचलेला. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला, म्हणजे काम करताना काच फुटत नाही. चहाचा पेला स्वतःचा. पहिल्याच दिवशी त्यांनी पिशवीतून एक लांबट लाकडी पेटी काढली आणि कपाटाच्या वरच्या खणात ठेवली. आत टॉर्कचा पाना होता.

साध्या पान्याने बोल्ट किती आवळला हे फक्त हाताला कळतं. टॉर्कच्या पान्याच्या मुठीवर आकडे असतात. मूठ फिरवून पाहिजे तो आकडा लावायचा आणि आवळायला घ्यायचं. तेवढा जोर झाला की पाना कट् असा वाजतो. वाजला की हात काढायचा. प्रत्येक इंजिनाच्या पुस्तकात कुठला बोल्ट कितीवर आवळायचा ते छापलेलं असतं. नारकरांनी ते आकडे एका शाळेच्या वहीत उतरवून घेतले होते. संध्याकाळी जाताना ते पान्याची मूठ फिरवून सगळ्यात खालच्या आकड्यावर आणत. म्हणत, "आतली स्प्रिंग दिवसभर ताणलेली असते. तिला पण घरी जाऊ दे."

ते आले तेव्हा वर्कशॉपमध्ये बच्चूभाई मुख्य होते. बच्चूभाईंचे दंड पैलवानासारखे. पाना बघून ते हसले.

"नारकर, ये खिलौना किधर से लाया? मेरा हाथ ही टॉर्क है."

"असेल," नारकर म्हणाले. "बघू या."

त्यांनी भंगारातला एक इंजिनाचा ब्लॉक बाहेर ओढला आणि सहा सारखे बोल्ट त्यात लावले. सहा जणांना एकेक बोल्ट सारखाच आवळायला सांगितला. बच्चूभाई, दोन हेल्पर, समोरच्या टायरवाल्याचा माणूस, मोहनशेठ आणि मी. मग टॉर्कच्या पान्याने एकेक तपासला. टायरवाल्याचा बोल्ट मोडायच्या बेतात होता. माझा निम्म्यावर होता. मोहनशेठचा माझ्याहून सैल निघाला तेव्हा सगळे फार हसले.

"शेठ, तुम रोटी जास्ती खाओ," बच्चूभाई म्हणाले.

बच्चूभाईंचा बोल्ट जवळजवळ बरोबर होता. ते छाती काढून उभे राहिले. नारकरांनी पाना फडक्यात गुंडाळला. जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांनी बच्चूभाईंना परत तोच बोल्ट आवळायला लावला. आता तो सकाळपेक्षा खूप जास्त आवळला गेला होता.

"सकाळचा हात आणि जेवणानंतरचा हात एक नसतो," नारकर म्हणाले. "बायकोशी भांडून आलेला हात तिसराच. हात खोटं बोलतो, उस्ताद. पाना नाही."

हे शेवटचं वाक्य मी पुढे त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं.

बच्चूभाई त्या दिवसापासून त्यांना मास्तर म्हणायला लागले. आधी टोमणा म्हणून, नंतर खरंच.

नारकरांचं दुसरं वेड पाईपचं. बोल्ट निघत नसला किंवा जास्त आवळायचा असला की गॅरेजमधले लोक पान्याच्या दांड्यावर लांब पाईप घालून जोर लावतात. नारकरांनी एकदा जेवणाच्या सुट्टीत करवत घेऊन शेडमधले सगळे पाईप वीतभर लांबीचे कापून टाकले. त्यात मोहनशेठने घराच्या नळासाठी आणलेला नवा पाईपही होता. मोहनशेठ आले आणि ते तुकडे बघून डोक्याला हात लावून बसले.

"अरे नारकर! मेरा नया पाईप काटा! घर में पानी कैसे आयेगा? बाईसाहेब मला मारेल!"

"शेठ, पाईप शेडमध्ये होता. शेडमधला पाईप म्हणजे बोल्टचा मारेकरी."

"तो मुझे पूछना था!"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

मोहनशेठ सिंधीत बरंच काही बोलले. पण नारकरांना त्यांनी काढलं नाही. नारकरांनी बांधलेलं इंजिन परत येत नाही, हे ते सगळ्या गिऱ्हाइकांना स्वतःच सांगत असत.

विठ्ठलवाडीला चाळीत नारकरांचं बिऱ्हाड होतं. दोनचारदा मी गेले आहे. त्यांची बायको सुमनताई बोलायला फटकळ. एकदा मला म्हणाल्या, "लग्नात ह्यांना मंगळसूत्र बांधायला सांगितलं, तर भटजींना विचारतात, गाठ किती आवळायची? मांडवात सगळे हसले. मला तेव्हाच कळलं, माझ्या कपाळी काय आहे ते." नारकर शेजारी बसून शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही. एवढंच म्हणाले, "पण सुटली का अजून?"

पाना जपण्याचीही त्यांची एक रीत होती. तो टॉर्कचा पाना तपासायचं यंत्र उल्हासनगरात कुणाकडे नव्हतं. म्हणून दर सोमवारी सकाळी ते समोरच्या किराणा दुकानातून वीस किलोचं वजन उचलून आणत. शिकंज्यात एक जुना बोल्ट पकडून त्यावर पाना आडवा लावत. मुठीवर एक लाल रेघ होती, बरोबर त्या रेघेवर वजन टांगत. ठरलेल्या आकड्याला पाना कट् वाजला की पाना ठीक. मग वजन परत. दुकानदार दर सोमवारी तेच म्हणायचा, "मिस्त्री, मेरा वजन तो सरकारी है, तुम्हारा पाना किसका है?" आणि नारकर दर सोमवारी हसायचे.

महादूच्या विहिरीचं इंजिन आलं ते वैशाखात. आमचं माहेर बदलापूरच्या पलीकडे. महादूने शेतात विहीर धरली होती आणि ती पाऊस लागायच्या आत पाण्याला लागायला हवी होती. यारी मोरिवलीच्या गणपतची. यारीही त्याची आणि चालवायचाही तोच. तिचं इंजिन गरम होऊन आवाज द्यायला लागलं म्हणून माझ्या सांगण्यावरून त्यांनी ते मोहनशेठकडे आणलं. गणपत मितभाषी माणूस. इंजिन उतरवून घेतलं तेव्हा चार शब्द बोलला असेल. महादू मात्र दर दोन दिवसांनी येऊन बसायचा.

"आक्का, तू सांग ना मिस्त्रीला. मिरगाच्या आत विहीर खाली गेली नाय तं यंदाचं वरीस फुकट."

मी सांगत होते. रोज सांगत होते. नारकर म्हणायचे, "शेवंताबाई, इंजिनाला तुमचा भाऊ माहीत नाही."

शेवटी शनिवारी सगळे पार्ट तयार झाले. सोमवारी बांधायचं ठरलं. शनिवारी संध्याकाळी नारकरांच्या घरून निरोप आला म्हणून ते लवकर गेले. पाना टेबलावर फडक्यात तसाच राहिला. मी उरलेलं सगळं सामान रॉकेलमध्ये टाकत होते. पाना हातात घेतला तर त्याच्या खाचांतून चिकट, काळपट काहीतरी बाहेर आलेलं. मला वाटलं, एवढा जपतात आणि साफ मात्र करत नाहीत. मी तो ट्रेमध्ये टाकला. रविवारभर तो भिजला. सोमवारी सकाळी मी तो घासला, पुसला आणि पेटीत ठेवला. नव्यासारखा झाला होता.

नारकरांनी पेटी उघडली आणि म्हणाले, "आज हा फार चमकतोय." मला वाटलं, शाबासकीच. मी काही बोलले नाही, त्यांनी काही विचारलं नाही.

मग ते वजन आणायला समोर गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. दुकानदाराची सगळी वजनं सरकारी शिक्का मारून घ्यायला गेली होती. दोन दिवसांनी मिळणार होती. महादू आणि गणपत टेम्पो घेऊन दारात उभे. मी नारकरांच्या तोंडाकडे बघत होते. ते थोडा वेळ पाना हातात घेऊन उभे राहिले. मग म्हणाले, "गेल्या सोमवारी बरोबर होता," आणि बांधायला बसले.

इंजिनात पिस्टन आणि खालचा क्रँक यांना जोडणारा एक दांडा असतो. तो क्रँकला दोन बोल्टांनी धरलेला असतो. मिनिटाला शेकडो वेळा तो वरखाली होतो आणि सगळा ताण त्या दोन बोल्टांवर. ते बोल्ट नारकरांनी नेहमीसारखेच आवळले. त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. शेडमध्ये सगळे गप्प. कट्. मग दुसरा. कट्. मी ते दोन्ही आवाज ऐकले.

मंगळवारी आम्ही विहिरीवर गेलो. मी माहेरी म्हणून, नारकर इंजिन ऐकायला. सकाळभर यारीने दगड वर काढले. नारकर कान देऊन उभे होते आणि खूश होते. दुपारी सुरुंग भरले. महादू कोपरापासून बोटापर्यंत हाताने मोजून वाती तोडत होता.

"भोकाबाहेर किती वात ठेवतोस?" नारकरांनी विचारलं.

"दोन हात."

"जळायला वेळ किती लागतो?"

"तमाखू मळून खाईपर्यंत."

"कुणाची तंबाखू? तुझी की किसनची? तो तर चुना शोधण्यातच अर्धा तास घालवतो."

किसन हसला. नारकरांनी एक हात वात तोडून घेतली, दगडावर ठेवून पेटवली आणि घड्याळ लावलं. चोपन्न सेकंद लागली.

"दोन हात म्हणजे दोन मिनिटंसुद्धा नाहीत. चार हात ठेव."

"मिस्त्री, वात काय शेतात उगवते काय?" महादू कुरकुरला.

"चार हात," नारकर म्हणाले. महादूने चार हात ठेवली. मिस्त्री इंजिनवाले आहेत, त्यांना नाराज करायला नको, एवढंच त्याच्या मनात असेल.

पुढचं वर सांगितलं आहे. डबा तळाला टेकला. नारकर एक पाय ब्रेकवर ठेवून घड्याळ बघत ओरडत होते, "महादू, दीड मिनिट आहे. भोकाच्या तोंडाशी तोड. विस्तव आत जायच्या आधी तोड." महादू शिव्या देत होता. नारकरांना, मला, यारीला, सगळ्यांना. पण कोयता त्याच्या हातात होता आणि तो तोडत होता. एक तुटली, दोन तुटल्या. किसनने तिसरी दगडाखाली धरून ठेचली. बाबू डब्यातून बाहेरच येत नव्हता. त्याने डोक्यावर हात घेतले होते.

"एक मिनिट," नारकर म्हणाले. आणि मग, आवाज अजिबात न चढवता, "शेवंताबाई, गणपतकडे बघा."

मी ऐकलं. पण मागे वळले नाही. माझा भाऊ खाली होता.

चौथी तुटली. पाचवी कुठे आहे ते त्यांना सापडेना. धूर झाला होता. महादू गुडघ्यांवर हाताने चाचपत होता. नारकर आता सेकंद मोजत होते. चाळीस. पस्तीस. महादूने पाचवी शेवटी भोकाच्या कडेला पकडली आणि कोयत्याने तोडली, हाताचं बोटही थोडं कापलं. मग खालून काहीच आवाज आला नाही. नारकर मोजतच राहिले, शून्यापर्यंत आणि त्याच्यापुढेही, बरंच. विहीर गप्प होती.

"शेवंताबाई," ते परत म्हणाले, "गणपत."

तेव्हा मी वळले. गणपत दगडांना टेकून बसलेला होता, डोळे उघडे, तोंड पांढरं. त्याची खाकी पँट मांडीपासून खाली काळी भिजली होती. मला वाटलं, इंजिनाचं तेल. मी हात लावला तर ते तेल नव्हतं. तुटलेल्या बोल्टाचा तुकडा मांडीत शिरला होता. नारकरांनी ब्रेकवरून पाय काढून गणपतकडे धाव घेतली असती तरी डबा सुटला नसता, तो तळालाच होता. पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. नारकरांच्याही नाही. ते मोजत होते.

मी लुगड्याचा पदर फाडून बांधला. गावातला टेम्पो बोलावला, गणपतला बदलापूरच्या दवाखान्यात नेलं. खालच्या तिघांना नंतर शिडी लावून काढलं.

दुसऱ्या दिवशी नारकर वर्कशॉपमध्ये आले. समोरच्या दुकानात वजनं परत आली होती. त्यांनी वीस किलो आणून रेघेवर टांगलं. पाना वाजला नाही. पाच किलो अजून टांगलं तेव्हा वाजला. म्हणजे त्यांनी आवळलेला बोल्ट सव्वापटीने जास्त आवळला गेला होता. जास्त आवळला की बोल्ट आतून ताणला जातो आणि चालत्या इंजिनात तुटतो. वरून काही दिसत नाही.

"हा कुणी धुतला?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हणाले. "रॉकेलमध्ये."

त्यांनी मला समजावून सांगितलं. पान्याच्या आत ग्रीस असतं. रॉकेलने ते गेलं की आतले भाग घासतात आणि पाना उशिरा वाजतो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

"धुतलात तुम्ही," नारकर म्हणाले. "चमकताना बघितला मी. वजन नसताना बांधलं मी."

मोहनशेठ घाबरले होते. पोलीस येणार होते. ते नारकरांना बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, बोल दो बोल्ट डुप्लिकेट था. उल्हासनगर में कौन नहीं मानेगा? सगळे मानणार."

खरंच सगळ्यांनी मानलं असतं. आमच्याकडे खरी वस्तू खरी आहे हे पटवायला त्रास पडायचा, खोटी आहे हे लगेच पटायचं. बच्चूभाईसुद्धा म्हणाले, "मास्तर, मान लो."

"बोल्ट अस्सल होता," नारकर म्हणाले. "मी त्याला मारला." पोलिसांनाही त्यांनी तेच लिहून दिलं, वजनासकट. हवालदाराला टॉर्क म्हणजे काय ते कळेना, तेव्हा त्याला शिकंज्यापाशी नेऊन दाखवलं. हवालदाराने विचारलं, "मग पाना कुणी बिघडवला?" नारकर म्हणाले, "पाना माझ्या ताब्यात होता." पुढे चौकशी बराच काळ चालली. शेवटी अपघात म्हणून कागद बंद झाले.

पाचव्या दिवशी ते मोरिवलीला गणपतच्या घरी गेले. मी बरोबर गेले. पेटी त्यांच्या हातात होती. गणपतची बायको कमळ ओसरीवर बसली होती. नारकरांनी तिच्यासमोर पाना काढला आणि सगळं सांगायला सुरुवात केली. आकडा, ग्रीस, वजन, रेघ. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मिस्त्री, हे मला कशाला सांगता? मला येवढंच सांगा, त्यानी हाक मारली व्हती का?"

"नाही," नारकर म्हणाले. "तो काही बोलला नाही."

"बोलायचाच नाय. ताप आला तरी बोलायचा नाय." मग ती माझ्याकडे वळली. "आणि तू? तू कुठं बघत व्हतीस?"

"विहिरीत," मी म्हणाले. "आणि पाना मी धुतला होता."

ती उठली. मग आत गेली आणि आम्हाला पाणी आणून दिलं. आम्ही प्यायलो आणि निघालो. येताना मोरिवलीच्या कारखान्यांचे भोंगे झाले, शिफ्ट सुटली, रस्त्यावर माणसांची गर्दी झाली. नारकर त्या गर्दीतून पेटी छातीशी धरून चालत होते. लोक त्यांना धक्के देत होते.

नारकरांनी काम सोडलं नाही. लोकांना वाटलं होतं सोडतील. ते दुसऱ्या आठवड्यापासून परत इंजिनं बांधायला लागले. स्वतःचं वजन विकत घेतलं आणि सोमवारऐवजी रोज सकाळी पाना तपासायला लागले. हात खोटं बोलतो, असं ते अजून म्हणायचे. पुढचं अर्धं वाक्य मात्र त्यांनी सोडून दिलं. एखादा नवा हेल्पर विचारायचा, "आणि पाना?" तर म्हणायचे, "त्याला रोज विचारायचं."

मला त्यांनी एकदाही बोल लावला नाही. मला ते बरं वाटायचं नाही. एकदा मी म्हणाले, "मिस्त्री, एक दिवस तरी शिव्या द्या." ते म्हणाले, "शेवंताबाई, तुम्ही पार्ट नीट धुता."

नव्वदनंतर मोहनशेठनी वर्कशॉप विकून कपड्याचं दुकान टाकलं. बच्चूभाई मुलाकडे गेले. नारकर घरीच राहिले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते विठ्ठलवाडीच्या एसटी डेपोत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर हिरवा चष्मा, हातात भाजीची पिशवी. मी समोर जाऊन उभी राहिले तरी ओळखेनात. नाव सांगितलं तेव्हा म्हणाले, "हां, शेवंताबाई. बसा." मी शेजारी बसले. त्यांनी विचारलं, विहिरीला पाणी आहे का. मी म्हणाले, आहे, उन्हाळ्यातही पुरुषभर असतं, दुसऱ्या यारीवाल्याकडून पुरी केली. ते म्हणाले, "चांगलं." मग त्यांची गाडी लागली. एका हाताने दांडा पकडून ते चढले, कंडक्टर लवकर चढा म्हणाला, ते आपल्या वेळेनेच चढले. खिडकीशी बसले, पण माझ्याकडे पाहिलं नाही. चष्म्यामुळे दिसत नसेल. त्या दिवाळीआधी ते गेल्याचं मला सुमनताईंनी कळवलं.

त्या दिवशी विहिरीवर आम्ही सहाजण होतो. महादू, किसन आणि बाबू वाचले. नारकर वाचले. मी वाचले. गणपत बदलापूरच्या दवाखान्याच्या दारात, टेम्पोतून उतरवताना गेला.